सी भरतो, डी उरतो

संगणकातील साठवणुकीची जागा, म्हणजे हार्ड डिस्क किंवा तिची अलीकडची बहीण एसएसडी, विकत घेताना एकसंध असते आणि वापरात आणण्यापूर्वी तिचे तुकडे पाडण्याचा प्रघात आहे. या तुकड्यांना पार्टिशन म्हणतात, संगणक प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र डिस्कचा मान देतो, आणि एका तुकड्यात कितीही जागा रिकामी असली तरी ती शेजारच्या तुकड्याला मिळत नाही. या व्याख्येतील शेवटचे कलम सहसा कोणी वाचत नाही, आणि प्रस्तुत विषयातील सर्व विनोद व बहुतेक सर्व दुःख त्याच कलमातून उद्भवते. पार्टिशनचा आकार ठरवणे म्हणजे पुढील चारपाच वर्षांत आपण किती फोटो काढू, किती चित्रपट उतरवून घेऊ, अभ्यास करू की नाही आणि केलाच तर किती गिगाबाइट करू, याचे लेखी भाकीत वर्तवणे होय. आणि हे भाकीत यंत्राचे बटणही नीट सापडलेले नसताना, नेमक्या आकड्यांत करावे लागते. भारत सरकारने पंचवार्षिक योजनांची परंपरा २०१७ साली बाराव्या योजनेबरोबर थांबवली, परंतु नवा लॅपटॉप घेणाऱ्या गृहस्थाने ती अद्याप सोडलेली नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे २५६ जीबीची एसएसडी असलेला घरगुती लॅपटॉप प्रमाण मानला आहे, कारण मोठ्या डिस्कवर नियोजनाच्या चुका वर्षानुवर्षे झाकून राहतात, तर लहान डिस्कवर त्या पहिल्याच दिवाळीच्या फोटोंबरोबर उघड्या पडतात. या लॅपटॉपची पहिली ख्याती अशी की त्यात २५६ जीबी नसतात. उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट असे धरतो, विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजत असल्यामुळे तिच्या लेखी एक जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट होतात, आणि या दोन मापांमधल्या फरकापायी खोक्यावरचे २५६ पडद्यावर २३८ होऊन बसतात. दुसऱ्या मापाला गिबीबाइट असे वेगळे नाव आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९९८ मध्येच दिले होते, पण विंडोजने मोजायचे एक आणि लिहायचे दुसरे हा परिपाठ सोडला नाही. परिणामी उत्पादकही खरे बोलतो, विंडोजही खरे मोजते, आणि तरीही ग्राहकाचे १८ जीबी जातात, ज्याबद्दल तो दुकानदाराकडे संशयाने पाहतो.

उरलेल्या २३८ मधूनही काही वतने आधीच दिलेली असतात. यंत्र सुरू करणाऱ्या फायलींसाठी साधारण १०० एमबीचे एक पार्टिशन, बिघाडाच्या प्रसंगी दुरुस्तीची साधने ठेवण्यासाठी काहीशे एमबीचे दुसरे, आणि १६ एमबीचे तिसरे, ज्यात वापरकर्त्याला दिसेल अशी एकही फाइल नसते व ज्याचे अधिकृत काम केवळ राखीव असणे हे आहे. मराठी माणसाला राखीव जागांची संकल्पना नवी नसल्यामुळे तो याबाबत तक्रार करीत नाही. तो उरलेल्या जागेसमोर बसतो आणि विचारतो, सीला किती द्यावे?

हा प्रश्न एवढा जुना का, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. आयबीएम कंपनीने मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी हा संगणक १० एमबीच्या हार्ड डिस्कसह बाजारात आणला, आणि आज मोबाइलवर काढलेल्या दोनतीन फोटोंनी भरून जाईल एवढ्या त्या जागेचेही चार भाग पाडण्याची सोय करण्यात आली, कारण एकाच डिस्कवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणक चालवणारे मूळ प्रोग्रॅम, नांदवता यावेत असा त्यामागे उद्देश होता. या विभागणीची नोंद डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत होत असे. त्यांपैकी ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमने घेतले, २ बाइट ओळखखुणेला गेले, आणि उरलेल्या ६४ बाइटांत १६ बाइटांची एक याप्रमाणे चारच नोंदी मावल्या. पुढे चार अपुरे पडू लागल्यावर १९८७ च्या डॉस ३.३ मध्ये एका पार्टिशनला विस्तारित असा किताब देऊन त्याच्या पोटात आणखी पार्टिशने भरण्याची युक्ती निघाली. हल्लीच्या जीपीटी नावाच्या पद्धतीत चारांचे बंधन सुटून १२८ पार्टिशनांची तरतूद झाली आहे. मात्र २५६ जीबीच्या लॅपटॉपवर कोणी या स्वातंत्र्याचा संपूर्ण उपभोग घेतलाच, तर प्रत्येक पार्टिशनच्या वाट्याला दोन जीबीहूनही कमी जागा येईल आणि मनुष्य थेट १९९५ सालात परत जाईल.

१९९५ चा उल्लेख येथे सहेतुक आहे. त्या काळच्या फॅट १६ या पद्धतीत, म्हणजे फायली कोठे ठेवल्या याची नोंद ठेवण्याच्या तत्कालीन रीतीत, एक पार्टिशन २ जीबीहून मोठे होऊ शकत नसे, आणि ते पुरते २ जीबीचे केले तर एका फाइलला द्यायचा लहानात लहान ठोकळा ३२ केबीचा होई, म्हणजे रजेच्या दोन ओळींच्या अर्जालाही पडद्याआड ३२ केबी मोजावे लागत. अशा स्थितीत ६ जीबीची डिस्क घेणाऱ्याला तिचे निदान तीन तुकडे पाडणे भागच होते, आणि काटकसरी मनुष्य ठोकळा लहान व्हावा म्हणून अधिकही पाडी. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट ३२ आली, पुढे घरोघरी एनटीएफएस रुळली, आणि ही सक्ती संपली; पण तोवर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या कॉम्प्युटर क्लासपर्यंत सर्व जाणत्या हातांना सी, डी, ई पाडण्याची सवय लागली होती. कारण गेले, कर्म राहिले. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखून ठेवलेली होती म्हणून मोजणी सीपासून सुरू होते, हे ठाऊक नसलेली एक संपूर्ण पिढी आज नोकरीला लागली आहे, आणि तीही नवा लॅपटॉप आणताच पहिला प्रश्न डीबद्दल करते.

सांप्रत या शास्त्रात प्रमुख मते तीन आहेत, आणि त्यांना द्वैत, अनेकत्व व अद्वैत अशी नावे देण्यास प्रत्यवाय नसावा.

द्वैतमतानुसार सी ड्राइव्ह ही देहासारखी नश्वर वस्तू असून डी ड्राइव्ह हा आत्मा आहे: विंडोज बिघडते, तंत्रज्ञ येतो, सीवर फॉरमॅट मारतो, नवी विंडोज टाकतो, आणि डीमधला डेटा या जन्ममरणाच्या फेऱ्यातून सहीसलामत पार पडतो. हे मत महाराष्ट्रात बहुसंख्याकांचे आहे आणि तर्कदृष्ट्या त्यात दोष काढणे कठीण आहे. दोष आहे तो वापरकर्त्यात. विंडोज डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे तिन्ही फोल्डर आपणहून सीमध्येच ठेवते, आणि घरातील प्रत्येक व्यक्ती जे काही मिळते ते डेस्कटॉपवर ठेवते, त्यामुळे साखरपुड्याचे फोटो, सातबाऱ्याचा स्कॅन, ‘बायोडाटा फायनल’, ‘बायोडाटा फायनल नवीन’ आणि ‘बायोडाटा फायनल नवीन हाच पाठवणे’ ही सर्व अमूल्य संपत्ती नेमकी नश्वर देहात साठते. डीमध्ये काय असते, याची पाहणी केल्यास ‘न्यू फोल्डर’ नावाचा एक फोल्डर आढळतो आणि तो उघडल्यास आत दुसरा ‘न्यू फोल्डर’ आढळतो.

आत्म्याची ही उपेक्षा होत असताना देह मात्र सतत पुष्ट होत जातो. सीमध्ये विंडोजची अद्ययावतने येतात, जुन्या घटकांच्या प्रती जपून ठेवल्या जातात, रॅम कमी पडल्यास तिची उणीव भरून काढणारी पेजफाइल असते, लॅपटॉप झोपवताना रॅममधील मजकूर उतरवून ठेवणारी दुसरी एक भरभक्कम फाइल असते, आणि पुढच्या अद्ययावतनांना जागा असावी म्हणून सुमारे ७ जीबी विंडोज २०१९ पासून नव्या यंत्रांवर स्वतःच बाजूला काढून ठेवू लागली आहे. ‘धिस पीसी’ ही खिडकी उघडली की प्रत्येक ड्राइव्हखाली एक आडवी निळी पट्टी दिसते, आणि रिकामी जागा एकदशांशाहून कमी झाली की ती लाल होते. ज्या घरात द्वैतमत प्रचलित आहे त्या घरात या खिडकीचे दृश्य ठरलेले असते: सीखाली लाल पट्टी, डीखाली नावापुरती निळी रेघ, आणि दोन्हींच्या मध्ये बसलेला मालक, ज्याच्याकडे जागा भरपूर आहे पण विंडोज त्याला जागा नाही असे सांगत आहे. यावरून या शास्त्राचे आद्य सूत्र निघते, ते असे की लहान डिस्कवर जागा क्वचितच संपते. ती फक्त चुकीच्या ठिकाणी उरते.

द्वैतवाद्यांमधील महत्त्वाकांक्षी लोक डीवर न थांबता ई आणि एफ असेही पाडतात आणि त्यांचे बारसे करतात, आणि ही नावे व आकार ताडून पाहिल्यास मालकाची स्वतःविषयीची कल्पना आणि त्याचा प्रत्यक्ष दिनक्रम यांचा तौलनिक अभ्यास करता येतो. ‘एमपीएससी’ नावाच्या पार्टिशनला ८० जीबी दिलेले असतात, कारण ध्येय मोठे असते. वस्तुतः राज्यसेवेचा सबंध अभ्यासक्रम, मागील प्रश्नपत्रिका आणि संदर्भग्रंथांच्या पीडीएफ यांना मिळूनही काही जीबी पुरेसे होतात, आणि उरलेले ध्येय रिकामे राहते. ‘एंटरटेनमेंट’ला मात्र शिस्त म्हणून २० जीबीच दिलेले असतात, आणि दुसऱ्या महिन्यात मालिकांचे नवे भाग ‘एमपीएससी’मध्ये मुक्कामाला येतात. घरच्यांनी सहज विचारल्यास एमपीएससी किती झाले, तर निम्म्याहून अधिक भरले, असे उत्तर देता येते, आणि ते खोटेही नसते.

आकार ठरवताना होणाऱ्या एका सूक्ष्म प्रमादाची नोंद येथे अवश्य घ्यावी लागेल. विंडोजमधील विभागणीचा तक्ता नव्या पार्टिशनचा आकार जीबीत विचारत नाही, एमबीत विचारतो. ज्याला ५० जीबी हवे असतात तो चौकटीत ५०००० असे लिहितो, विंडोज त्याला १०२४ ने भागते, आणि पार्टिशन ४८.८ जीबीचे होते. त्याचप्रमाणे १००००० लिहिणाऱ्याला ९७.६ मिळतात. सायबर कॅफे, शाळा, सहकारी संस्थांची कार्यालये येथील संगणकांत सी ड्राइव्ह नेमका ९७.६ जीबीचा आढळण्याचे कोडे यावरून उलगडते: कोणा तंत्रज्ञाने सखोल गणित करून काढलेला तो आकडा नव्हे, तर त्याने घाईत लिहिलेली ती शून्ये आहेत. पूर्णांकी ५० जीबी हवे असतील तर ५१२०० लिहावे लागतात, पण ५१२०० हा आकडा दिसायलाच असा आहे की तो लिहिणाऱ्याकडे पाहणारे हा कंजूष असावा असे समजतात.

चूक कळल्यावर ती सुधारावी, हे ओघाने आलेच, आणि त्यासाठी विंडोजने व्हिस्टा या आवृत्तीपासून पार्टिशन लहान करण्याची व मोठे करण्याची सोय दिलेली आहे. या सोयीच्या अटी वाचल्या म्हणजे गैरसोय म्हणजे काय हे समजते. पार्टिशन लहान करताना त्यात ९० जीबी रिकामे असले तरी विंडोज कधीकधी चारच जीबी सोडण्याची तयारी दाखवते, कारण मोकळ्या जागेच्या अगदी टोकाजवळ एखादी न हलवता येणारी फाइल, भर पंगतीत पाट अडवून बसलेल्या व्याह्याप्रमाणे, ठाण मांडून असते आणि तिला ऊठ म्हणण्याचा अधिकार कोणालाच नसतो. मोठे करताना अट अशी की रिकामी जागा त्या पार्टिशनला अगदी लागून आणि उजव्याच बाजूस असली पाहिजे. डावीकडे कितीही मोकळे असले तरी त्याचा उपयोग शून्य, आणि उजवीकडे असूनही मध्ये दुसरे काही आले तरी उपयोग शून्यच. मध्ये येण्याचे काम बहुधा दुरुस्तीच्या साधनांचे ते छोटे पार्टिशन करते, कारण अलीकडच्या विंडोज स्वतः त्याची स्थापना सीच्या लगेच उजवीकडे करतात. या स्थितीत ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ ही आज्ञा यादीत दिसते खरी, पण फिकट करड्या रंगात, म्हणजे असून नसल्यासारखी.

सामान्य माणसाने यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, कारण खुद्द ज्यांनी तक्ता आखला त्यांचाही अंदाज चुकलेला आहे. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक सुरक्षा अद्ययावतन पाठवले, ज्याला दुरुस्तीच्या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळे हवे होते. अनेक संगणकांवर तेवढे नव्हते, अद्ययावतन तेथे अपयशी ठरले, आणि कंपनीने लोकांना ते पार्टिशन स्वहस्ते मोठे करण्याची कृती सांगितली, जिच्यात सी लहान करणे, जुने पार्टिशन पुसणे आणि नवे पाडणे अशा पायऱ्या काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून पार पाडायच्या होत्या. म्हणजे सर्वज्ञ मानल्या गेलेल्या पक्षाचेही काहीशे एमबींचे भाकीत फसले. मग लॅपटॉप घेतलेल्या सायंकाळी, चहा निवत असताना, २३८ जीबींचे भाकीत करणाऱ्या गृहस्थाला कोणत्या तोंडाने हसावे?

दुसरे मत अनेकत्वाचे, आणि त्याचे अनुयायी मुख्यत्वे लिनक्सच्या संप्रदायात आढळतात. त्यांच्या परंपरेत मूळ सिस्टिमसाठी रूट, यंत्र सुरू करण्यासाठी बूट, वापरकर्त्याच्या फायलींसाठी होम, सतत बदलणाऱ्या नोंदींसाठी व्हार, तात्पुरत्या फायलींसाठी टेम्प आणि रॅमला पूरक म्हणून स्वॅप, अशी स्वतंत्र पार्टिशने करण्याची रीत आहे, आणि प्रत्येकाच्या आकाराविषयी अशी सूत्रे आहेत जी ज्येष्ठांनी कनिष्ठांना मुखोद्गत दिली. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध सूत्र, स्वॅप रॅमच्या दुप्पट असावा. रॅम काही मोजक्या एमबींची असताना हे सूत्र शहाणपणाचे होते. आज १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ते निष्ठेने पाळणारा मनुष्य लिनक्ससाठी बाजूला काढलेल्या ६० जीबींपैकी ३२ जीबी स्वॅपला वाहतो, आणि जो क्वचितच वापरला जाईल त्याला अर्ध्याहून अधिक राज्य देऊन मोकळा होतो. उबुंटूने २०१७ मध्ये, १७.०४ या आवृत्तीपासून, स्वॅपसाठी वेगळ्या पार्टिशनऐवजी साधी फाइल वापरण्याचा परिपाठ सुरू केला, पण सूत्रे पाठ असलेल्यांचे त्यावर मतपरिवर्तन झाल्याची लक्षणे कमी दिसतात.

बूटची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. त्याला फार लागत नाही म्हणून थोडेसे दिले जाते, प्रत्येक अद्ययावतनाबरोबर लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, नव्याने येतो आणि जुना कर्नल अडीअडचणीला असावा म्हणून तेथेच राहतो, आणि एके दिवशी शेजारच्या होममध्ये मैदानासारखी जागा मोकळी असताना सारी अद्ययावतने बूटमधल्या मूठभर एमबींपायी अडून बसतात. शिवाय एक्स्ट ४ या प्रचलित पद्धतीत प्रत्येक पार्टिशनचा पाच टक्के भाग आपोआप रूट नावाच्या सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी राखून ठेवला जातो, म्हणजे २० जीबींतील १ जीबी मालकाच्या डोळ्यांदेखत असूनही मालकाचा नसतो. या संप्रदायाचा इतिहासही जागेच्या टंचाईतूनच घडला आहे: १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजात, ‘यूएसआर’ हा फोल्डर वापरणाऱ्यांच्या खासगी फायलींसाठी होता, पुढे मूळ जागा अपुरी पडल्यावर सिस्टिमच्या प्रोग्रॅमांनी त्यात हळूहळू बस्तान बसवले, आणि वापरणाऱ्यांची सोय ‘होम’ नावाच्या नव्या ठिकाणी करावी लागली. ज्याच्या नावाचा फोल्डर तोच त्यातून बाहेर, ही घटना पन्नास वर्षांनंतरही प्रत्येक लिनक्स संगणकात जशीच्या तशी पाहता येते.

तिसरे मत अद्वैताचे: डिस्क एक, पार्टिशन एक, भेद केवळ फोल्डरांचा. डेबियन या लिनक्सची स्थापना करताना सर्व फायली एकाच पार्टिशनमध्ये ठेवण्याच्या पर्यायापुढे, हा नवशिक्यांसाठी शिफारस केलेला आहे, असा शेरा दिसतो, आणि तो वाचताच प्रत्येक नवशिका दुसरा पर्याय निवडतो, कारण आपण नवशिके आहोत हे संगणकाने उघड बोलणे कोणालाच रुचत नाही. अनुभव असा की माणूस अज्ञानामुळे अद्वैतापासून सुरुवात करतो, ज्ञानामुळे सात पार्टिशनांपर्यंत जातो, आणि बूट भरल्यानंतर पुन्हा अद्वैताकडे येतो. या प्रवासाला तो वाया गेलेला वेळ न म्हणता अनुभव म्हणतो. भेदही राहावा आणि जागाही सामाईक असावी असा विशिष्टाद्वैती मार्गही उपलब्ध आहे: ॲपलने २०१७ मध्ये मॅकसाठी आणलेल्या एपीएफएसमध्ये अनेक खंड एकाच मोकळ्या जागेतून गरजेप्रमाणे घेत राहतात, आणि लिनक्समधील एलव्हीएममध्ये काही जागा कोणालाच न देता शिल्लक ठेवून मागाहून हव्या त्या खंडाला देता येते. हा मार्ग तत्त्वतः निर्दोष आहे. फक्त जागा कोणालाच न देता शिल्लक ठेवणे हे लहान डिस्कच्या मालकाला मानसिकदृष्ट्या झेपत नाही.

येथे उत्तरपक्ष असा की द्वैताची दोन्ही जुनी प्रमाणे आता ढासळली आहेत. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर बाहेरच्या कडेचा भाग वेगाने वाचला जाई आणि पहिले पार्टिशन तेथे पडत असल्याने सीला थोडा फायदा होता. एसएसडीमध्ये तबकडीच नाही, आणि तिचा नियंत्रक सर्व पेशींची झीज सारखी व्हावी म्हणून डेटा कोठेही विखरून ठेवतो, त्यामुळे सी आणि डी यांच्यामधील भिंत प्रत्यक्षात कोठेच उभी नसून केवळ नोंदवहीत आहे. दुसरे प्रमाण सुरक्षिततेचे. डी हा फॉरमॅटपासून वाचतो हे खरे, पण डिस्क जळाली, लॅपटॉप रेल्वेत राहिला किंवा त्यावर चहा सांडला तर दोघेही एकाच वेळी जातात, कारण चहा सांडताना पार्टिशन पाहत नाही. ज्या फोटोंसाठी डी पाडला त्यांची प्रत बाहेरच्या वेगळ्या डिस्कवर असेल तर डीची गरज नाही, आणि नसेल तर डीचा उपयोग नाही.

तात्पर्य, पार्टिशनचे अचूक आकार निश्चित काढता येतात, फक्त ते लॅपटॉप भंगारात देण्याच्या दिवशी काढता येतात, कारण कोणत्या गोष्टीला किती जागा लागली हे त्या दिवशीच कळते. तोपर्यंत लहान डिस्कच्या मालकाने सर्व जागा सीला द्यावी, दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम खरोखरच चालवायची असेल तरच एक भिंत घालावी, महत्त्वाच्या फायलींची प्रत घराबाहेर किंवा निदान लॅपटॉपबाहेर ठेवावी, आणि अभ्यासासाठी पार्टिशनऐवजी वेळ राखून ठेवावा. इतके वाचूनही ज्यांचा हात डी पाडण्यासाठी शिवशिवत असेल, आणि बहुतेकांचा शिवशिवेल, त्यांनी चौकटीत निदान ५१२०० तरी लिहावे.